घाईच्या माणसाचे ताट

आरोग्याचा उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. रोज आठ पेले पाणी प्यावे, दहा हजार पावले चालावे, भात वर्ज्य करावा, दुधात प्रथिनांची भुकटी कालवून घ्यावी, असे सांगणारा कोणी ना कोणी आपणांस दिवसातून एकदा भेटतोच. ऐकणारा बिचारा घाईत असतो. सकाळी सातला घर सोडणारा कारकून, दोन पाळ्यांत शिकवणारा शिक्षक, दुकानदार, परिचारिका, आणि या सर्वांचे डबे भरून देऊन मग स्वतःच्या कामाला लागणारी गृहिणी, यांपैकी कोणालाही त्या उपदेशाची कुळकथा विचारण्यास सवड नसते. म्हणून एक तर तो सगळाच शिरसावंद्य मानला जातो, नाही तर सगळाच उडवून लावला जातो. श्रोतेहो, आज मला त्या कुळकथेविषयीच थोडे बोलावयाचे आहे. हे आकडे कोठे जन्मले, भाताला दूषण कोणी दिले, भाकरीची परीक्षा कोणी घेतली, हे एकदा कळले म्हणजे काय धरावे व काय सोडावे हे घाईच्या माणसालाही स्वतःचे स्वतः ठरवता येते.

हैदराबादेतील विद्यानगर भागात राहणाऱ्यांना या कथेसाठी फार लांब जावे लागत नाही. काचीगुड्याहून सिकंदराबादेकडे निघालेली लोकल गाडी विद्यानगर स्थानक सोडते आणि पुढच्याच जामिया उस्मानिया स्थानकाच्या परिसरात राष्ट्रीय पोषण संस्थेचे आवार लागते. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची ही संस्था गेली साठाहून अधिक वर्षे भारतीय माणसाच्या ताटात काय आहे, काय असावयास हवे आणि का नाही, याचा शोध घेत आहे. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे या शहरात मराठी घरे पूर्वापार आहेत, आणि त्या घरांत ज्वारीची भाकरी व तांदळाचा भात यांचा शेजारही जुना आहे. संस्थेच्या इतिहासात हीच दोन अन्ने पुनःपुन्हा समोर येतात.

तो इतिहास मात्र हैदराबादेत सुरू झाला नाही. १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत, रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टरने बेरीबेरी या रोगाची चौकशी आरंभिली. बेरीबेरीत पायांतील बळ जाते, अंगावर सूज येते आणि शेवटी हृदय थकते. त्यापूर्वी जावा बेटात क्रिस्तियान आयकमान या डच वैद्याला असे आढळले होते की, पांढरा सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि तांदळाचा कोंडा दिला की पुन्हा उभ्या राहतात. यंत्राच्या गिरणीने तांदूळ मोत्यासारखा शुभ्र केला, परंतु त्या शुभ्रतेबरोबर दाण्याचे तांबूस आवरण गेले आणि आवरणाबरोबर जीवनसत्त्वही गेले. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द कासिमिर फुंक याने १९१२ साली प्रचारात आणला आणि आयकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रोग हा जंतूंच्या आगमनामुळेच होतो असे नाही, अन्नातील एखादी वस्तू निघून गेल्यामुळेही होतो, ही त्या काळी नवीच गोष्ट होती.

सरकारला मात्र ती तितकी महत्त्वाची वाटली नाही. १९२३ साली काटकसरीच्या नावाखाली ही चौकशी बंद करण्यात आली. दोन वर्षांनी ती पुन्हा सुरू झाली आणि १९२८ पासून ‘न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. याच काळातील मॅककॅरिसनचा एक प्रयोग मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे खातात तेच त्याने पांढऱ्या उंदरांच्या गटांना खाऊ घातले. शिखांचे अन्न खाणारे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांच्या वाट्याला न चाळलेल्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, पालेभाज्या आणि फळे होती. दुसरा क्रमांक पठाणांच्या आहाराचा आणि तिसरा मराठ्यांच्या. पांढऱ्या तांदळावर भिस्त असलेले बंगाली आणि मद्रासी आहार तळाला राहिले.

तिसऱ्या क्रमांकाचा आपण अभिमान बाळगावा की खेद करावा, हा प्रश्न बाजूला ठेवू. या प्रयोगाची शिकवण खरी होती, पण त्याला एक मर्यादाही होती. उंदराला दूध विकत घ्यावे लागत नाही. ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याचा आहार उत्तम, एवढे सांगून ज्याच्या घरी गोठाच नाही त्याचे पोट भरत नाही. लढवय्या जाती आणि दुबळ्या जाती अशी वर्गवारी करण्याची त्या वेळच्या राज्यकर्त्यांना हौस होती. या प्रयोगाने त्या हौसेला खतपाणी मिळाले नसेल असे म्हणवत नाही. वास्तविक पंजाबातील शेतकरी आणि तंजावरचा शेतमजूर यांच्यातील अंतर रक्तापेक्षा ताटाचे होते, आणि ताटातील अंतर बरेचसे ऐपतीचे होते.

हा प्रश्न पुढच्या संचालकाने हाती घेतला. १९३५ साली मॅककॅरिसन निवृत्त झाले आणि वॉलेस एक्रॉईड हे त्यांच्या जागी आले. त्यांनी प्रयोगशाळेच्या बाहेर पाऊल टाकले. संशोधक घराघरांत जाऊन कुटुंबाचे रोजचे अन्न तराजूत तोलू लागले. कोणते धान्य किती, डाळ किती, तेल किती, भाजी आहे की नाही, याची नोंद होऊ लागली. १९३७ साली ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ ही पुस्तिका निघाली. भारतीय अन्नपदार्थांत कोणती पोषक द्रव्ये किती असतात याची कोष्टके तीत होती, आणि परवडेल असा समतोल आहार कसा आखावा याचे मार्गदर्शनही होते. पुढे अनेक वेळा सुधारलेल्या या कोष्टकांची परंपरा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ५२८ अन्नपदार्थांच्या मोठ्या ग्रंथापर्यंत येऊन पोहोचली आहे. नाचणीत चुना किती, शेवग्याच्या पाल्यात लोह किती, हे आज आपण सहज सांगतो. त्यामागे हे तोलणे आणि मोजणे आहे.

एक्रॉईड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांदळाचा प्रश्नही पुन्हा हाती घेतला. आंध्राच्या उत्तर किनारपट्टीवर बेरीबेरी आढळत असे. दक्षिणेकडील पुष्कळ भागांत लोक तितकेच गरीब होते आणि तितकाच भात खात, पण तेथे हा रोग दिसत नसे. भेद एवढाच होता की, उत्तरेकडे कच्चे भात गिरणीत सडत आणि दक्षिणेकडे ते आधी भिजवून उकडत. उकडताना आवरणातील जीवनसत्त्व पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरते, आणि मग गिरणीने वरचा कोंडा काढला तरी ते पुष्कळसे दाण्यातच राहते. आमच्या कोकणात आणि गोव्यात ख्रिस्ती घर असो की हिंदू, उकड्या तांदळाची पेज हे कष्टकऱ्याचे सकाळचे अन्न होते. त्या पेजेला शहरात गेलेल्या मंडळींनी गरिबीची खूण समजून टाकून दिले. ज्यांनी ती रूढ केली त्यांना थायामिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांची मुले त्या अन्नावर चालती फिरती राहिली. तांदूळ चार चार पाण्यांत चोळून धुणे आणि शिजल्यावर वरचे पाणी ओतून देणे, यांत आजही तेच जीवनसत्त्व वाहून जाते. घाईच्या माणसाला पहिली सूचना करावयाची तर ती अशी की, तांदूळ एकदोनदा हलकेच धुवावा, बेताच्या पाण्यात शिजवावा, आणि मिळाला तर उकडा किंवा कमी सडलेला घ्यावा. यात त्याचा वेळ वाचतोच.

कुन्नूरच्या या प्रयोगशाळेत मराठी माणसांचा वाटाही आहे. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झालेल्या विदुषी, दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. स्त्री म्हणून संशोधनाचे दार उघडून घेण्यासाठीच त्यांना झगडावे लागले. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परत आल्या आणि नंतर कुन्नूर येथे साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील प्रथिने आणि ताडामाडांची नीरा यांचा अभ्यास केला, आणि नीरेवरील कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. ज्या गोष्टी बाजारात स्वस्त मिळतात आणि म्हणून तुच्छ मानल्या जातात त्यांची योग्यता त्यांनी प्रयोगाने दाखविली. पुढे ग्राहक चळवळीत पडून त्यांनी अन्नातील भेसळीविषयी लोकांना जागे केले. दुसरे नाव डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांचे. स्वातंत्र्यानंतर प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे होती आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, ती कुन्नूरचा थंड डोंगर सोडून हैदराबादेस आली. १९६९ मध्ये तिला ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ हे नाव मिळाले.

स्थलांतराचा लाभ लवकरच दिसून आला. डोंगरावरील प्रयोगशाळेजवळ उंदीर पुष्कळ होते, हैदराबादेत रुग्ण होते. दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. उन्हाने उघडी पडणारी त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि मन भ्रमिष्ट होते. अमेरिकेत हा रोग मका खाणाऱ्यांत दिसला होता आणि जोसेफ गोल्डबर्गर यांनी तो अपुऱ्या आहाराचा रोग असल्याचे दाखवून दिले होते. पण ज्वारीत निआसिन हे जीवनसत्त्व तांदळापेक्षा कमी नसते, मग ज्वारी खाणाराच का आजारी पडावा? डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मांडले की, ज्वारीतील ल्यूसिन या घटकाचे आधिक्य शरीराच्या निआसिन तयार करण्याच्या कामात अडथळा आणते. या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले. तथापि एक गोष्ट निर्विवाद राहिली. रोगी केवळ भाकरीवर राहणारे होते. भाकरीबरोबर डाळ, थोडे दूध वा ताक, पालेभाजी पोटात जाणाऱ्यांना हा रोग होत नसे.

म्हणजे भाकरीवरचा आरोप टिकला नाही, भाकरीच्या एकटेपणावरचा टिकला. मला वाटते, शंभर वर्षांच्या या सगळ्या संशोधनाचे सार याच एका वाक्यात सामावले आहे. तांदूळ एकटा पडला तेव्हा बेरीबेरी झाली, ज्वारी एकटी पडली तेव्हा पेलाग्रा झाला. कोणत्याही धान्याला दुष्ट ठरवून हद्दपार करणे किंवा अमृत म्हणून डोक्यावर घेणे, ही दोन्ही टोके या इतिहासाला मान्य नाहीत.

डॉ. गोपालन यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या वर्षी कुन्नूरची ती खोली उघडली त्याच १९१८ साली त्यांचा जन्म झाला, आणि त्यांनी पुरी शंभर वर्षे ओलांडली. १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर अशी समजूत होती की, गरीब देशांतील मुले खुरटतात ती प्रथिनांच्या अभावी. मग प्रथिनांच्या खास भुकट्या, खास बिस्किटे यांच्या योजना निघाल्या. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे खरे अन्न तपासले तेव्हा दिसले की, बहुतेक मुलांना मुळात अन्नच पुरेसे मिळत नव्हते. नेहमीचे डाळ-भात-भाकरीचे अन्न पोटभर मिळाले असते तर प्रथिनांची गरजही बव्हंशी भागली असती. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले, आणि रोमच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ सांख्यिकी विभागाचे प्रमुख असलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनीही आकडेमोडीच्या मार्गाने हेच सांगितले. आज सुस्थितीतल्या घरांतून प्रथिनांच्या भुकटीचे डबे पुन्हा दिसू लागले आहेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेने त्यांच्यापासून दूर राहण्याचाच सल्ला दिला आहे.

आता काळ पालटला आहे. १९८३ साली आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना सुरू झाली. तिने असंख्य गरीब घरांतील चूल पेटती ठेवली, हे विसरता येत नाही. परंतु तेलंगणाच्या कोरडवाहू गावांतील ज्वारी या स्वस्त तांदळापुढे ताटातून मागे सरत गेली, हेही खरे. पांढरा भात हा एके काळी सणाचा पदार्थ होता, तो रोजचा झाला, आणि त्याच वेळी अंगमेहनतीचे काम मात्र कमी होत गेले. नांगर गेला, पाटा-वरवंटा गेला, आडाचे पाणी नळाने आले. कष्ट गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख याचे की ताटाने ती वार्ता ऐकली नाही. बसून काम करणाऱ्याच्या पानात आजही नांगरधाऱ्याचा भात वाढला जातो. भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला आहे. देशातील एकूण रोगभारापैकी ५६ टक्क्यांहून अधिक भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असे २०२४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे.

त्याच मार्गदर्शिकेत दिवसभराच्या २००० कॅलरींचे एक नमुन्याचे ताट आखून दिले आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम आहे, भाज्या मात्र ४०० ग्रॅम आहेत. डाळी, कडधान्ये किंवा त्यांच्याऐवजी अंडी, मासे, मांस मिळून ८५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध वा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तिळासारखी बीजे ३५ ग्रॅम, आणि तेल-तूप २७ ग्रॅम. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच. आपल्या घरचे पान डोळ्यांपुढे आणून पाहा. बहुतेक ठिकाणी भाजीची जागा धान्याने आणि धान्याची जागा भाजीने घेतलेली दिसेल. घाईच्या माणसाने तराजू घेऊन बसू नये. पानात भात-भाकरी जेवढी, तिच्याहून भाजी अधिक दिसावी, आणि वरण पातळ पाण्यासारखे नसावे, एवढी खूण पुरे. रात्री मूठभर मटकी किंवा मूग भिजत टाकण्यास एक मिनिट लागते, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा प्रश्न सुटतो. ज्वारी, बाजरी, नाचणी यांना २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून मानही मिळाला आहे. हैदराबादेतच राजेंद्रनगर येथे या धान्यांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. आठवड्यातून तीनचार दिवस भाकरी परत आली तरी पुष्कळ झाले.

अन्नानंतर पाणी. येथेही आकड्याआधी इतिहास पाहू. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. त्यानंतर खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे नावाजलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले. त्यांनी पुराला लगाम घातला आणि शहराला पिण्याचे पाणीही दिले. पोषणाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. डॉ. सुखात्मे पुढे पुण्यात हेच आग्रहाने मांडीत असत की, दूषित पाण्याने ज्या मुलाचे पोट सतत बिघडलेले असते त्याच्या अंगी घास लागत नाही. किती पाणी प्यावे याआधी कसले पाणी प्यावे हा प्रश्न येतो, आणि तो एकट्या माणसाचा नसून नगराचा असतो.

राहिला आठ पेल्यांचा आकडा. १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने प्रौढ माणसास दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते, आणि त्यातील बहुतेक भाग अन्नातूनच मिळतो असेही लगेच पुढे नमूद केले होते. आठ पेल्यांचे मूळ पुष्कळ अभ्यासक येथेच पाहतात. लोकांनी पहिले वाक्य उचलले आणि दुसरे विसरले. आपले वरण, ताक, पेज, भाज्या, कलिंगड यांतून पाणीच पोटात जाते. सामान्य प्रकृतीच्या माणसास तहान ही पुरेशी विश्वासू सूचक आहे, आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते असे समजावे. मात्र कामाच्या घाईत तहान दाबून ठेवण्याची सवय घातक आहे. वर्गावर उभा राहून तासन् तास बोलणारा शिक्षक, उन्हात फिरणारा टपालवाला, आणि स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून मुद्दाम पाणी न पिणाऱ्या मुली व नोकरदार स्त्रिया, यांचा विचार येथे केला पाहिजे. शाळेत स्वच्छतागृह बांधणे हीसुद्धा आरोग्याची सूचनाच होय. वृद्ध माणसांना तहानेची जाणीव कमी होते, म्हणून त्यांना आठवण करावी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

जुलाबात पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि तेथे नुसते पाणी पुरत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते नातेवाइकांकरवीच रुग्णांना पाजण्यास आरंभ केला. शंभरांतील तीसच्या आसपास असलेले मृत्यू चारांच्याही खाली आले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ, हे प्रमाण घरातील प्रत्येकास पाठ असावे. रोजच्या तहानेला मात्र साधे पाणीच हवे. साखरेची शीतपेये ही त्या द्रावणाची भावंडे नव्हेत.

शेवटी व्यायाम. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला, त्यावर पुस्तक लिहिले आणि आपल्या संस्थानातील शाळांत तो लागू केला. साधन लागत नाही, जागा सतरंजीएवढी पुरते आणि वेळ दहा मिनिटे, हे त्याचे गुण घाईच्या माणसाला आजही मोलाचे आहेत. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी लंडनच्या बसगाड्यांनी एक दाखला ठेवला आहे. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. चालक नोकरीत शिरतानाच अधिक स्थूल असतात हेही पुढे मॉरिसनेच गणवेशांच्या मापांवरून दाखविले. स्वतःच्या निष्कर्षाला स्वतःच आडवे प्रश्न विचारावेत ही त्याची रीत मला फार आवडते. नंतरच्या अनेक अभ्यासांनी मूळ गोष्टीला दुजोरा दिला. वाहक आखाड्यात जात नव्हता. त्याचा व्यायाम त्याच्या कामातच दडलेला होता.

दहा हजार पावलांचा आकडा मात्र प्रयोगशाळेतला नाही. तोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने पावले मोजणारे यंत्र विक्रीस काढले आणि त्याला ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे नाव दिले. आकडा गोल होता, कानाला गोड होता, म्हणून जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे ४४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २७०० चालणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी आढळले, आणि ७५०० च्या पुढे फारशी भर पडली नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. एक स्थानक आधी उतरावे, दुसरा मजला पायांनी गाठावा, जेवणानंतर दहा मिनिटे चालावे. एवढ्याने ही मिनिटे भरू लागतात.

येथवर मी घाईच्या माणसाविषयी बोललो. पण आपल्या घरांत सर्वांत घाईचे माणूस कोण, याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले तर बहुतेक ठिकाणी ती घरातील स्त्री निघेल. सर्वांचे ताट तीच वाढते आणि उरलेले तीच खाते. एक्रॉईडच्या माणसांनी घराचे अन्न तोलले, परंतु घराला मिळाले म्हणजे घरातील प्रत्येकाला मिळाले असे होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. यावरचे औषध सरकारी दवाखान्यात गोळीच्या रूपाने मिळते आणि ते घ्यावेच. पण पालेभाजीची शेवटची वाटी कोणाच्या पानात पडते, यावरही त्याचा पुष्कळसा भाग अवलंबून आहे.

विद्यानगरच्या शेजारच्या त्या संस्थेने कोष्टके दिली, ताट आखून दिले. ते वाढावयाचे काम मात्र आपल्याच स्वयंपाकघरात व्हावयाचे आहे. आज रात्री सर्वांनी एकदम पानावर बसावे, भाजी आधी सर्वांना समान वाढावी, आणि उठताना एका मुलाने मटकी भिजत टाकावी. याला वेळ लागत नाही, पैसा लागत नाही, आणि उद्याच्या घाईत तेवढाच हातभार लागतो.